मोजल्याशिवाय रिजेक्ट नाही

बोटीवर पाऊल टाकण्याआधीच माझ्या गळ्यात केशरी पट्टी पडली. बाकी सगळ्यांच्या निळ्या. माझ्या मुलाची निळी, सुनेची निळी, आमच्या पुढे काठी टेकत चाललेल्या एका चिनी आजोबांचीसुद्धा निळीच. पट्टीला एक कार्ड लटकलेलं असतं. तेच खोलीची किल्ली, तेच जेवणाचं, तेच बोटीतून उतरण्या-चढण्याचं. मी सुनेला विचारलं, "माझीच वेगळी का गं?" ती पुण्याची, आयटीत आहे. म्हणाली, "सीनियर सिटिझन असेल आई, प्रायॉरिटी वगैरे मिळते." मला बरं वाटलं. एकोणसत्तराव्या वर्षी कुणी प्रायॉरिटी देत असेल तर नाही कशाला म्हणायचं?

दहा पावलांवर एक माणूस रिकामी चाकाची खुर्ची घेऊन उभा होता. "मॅडम, प्लीज," म्हणाला. मी मागे वळून बघितलं, मागच्या कुणाला म्हणतोय म्हणून. मागे कुणीच नव्हतं.

"मला नको, मी चालते," असं म्हणून मी तरातरा पुढे गेले. तो खुर्ची ढकलत माझ्या मागे. सिंगापूरच्या त्या लांबलचक बंदरात आमची वरात निघाली. पुढे मी, मागे रिकामी खुर्ची, त्याच्या मागे माझा मुलगा, "आई, बस ना दोन मिनिटं, त्यांचं कामच आहे ते," असं कुजबुजत.

ही सहल मुलाने ठरवली होती. पाच दिवस, सतरा मजल्यांची बोट, मध्ये थायलंडचं एक बेट. नवरा जाऊन दोन वर्षं झाली होती आणि त्या फेब्रुवारीत मी बंगळुरात, आमच्या जयनगरच्या बाजारात पडले होते. मुलगा बंगळुरातच, एचएसआर लेआउटला चौदाव्या मजल्यावर राहतो. त्याने तिथे माझ्यासाठी खोली तयार करून ठेवली होती. न्हाणीघरात धरायला स्टीलचे दांडे, पाय घसरू नये म्हणून रबराची जाजमं, उशाशी घंटा. "बोटीवरून आलो की थेट आमच्याकडेच यायचं आई. दोन आठवडे राहा, मग बघू." त्याचं 'मग बघू' मी लहानपणापासून ओळखते. ते झालं की मागे फिरणं नसतं. मी होही म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. जयनगरच्या घराची किल्ली मात्र पर्समध्ये ठेवली होती, शेजारच्या अक्कांकडे न देता.

बोटीवरची खोली पाहून मला संशय यायला हवा होता. मुलाची-सुनेची खोली काडेपेटीएवढी आणि माझी ऐसपैस. दार रुंद, उंबरा नाही, न्हाणीघरात बसून आंघोळ करायला पाट भिंतीलाच जोडलेला. आणि कोपऱ्यात छतापासून जमिनीपर्यंत लोंबणारी एक लाल दोरी. मी म्हटलं, चला, कपडे वाळत घालायची सोय केली आहे. आमच्या पिढीला दोरी दिसली की ओला कपडा दिसतो. मी परकर धुतला, घट्ट पिळला, दोरीला गाठ मारून नीट अडकवला आणि वरच्या मजल्यावर समुद्र बघायला निघाले.

दारापर्यंत पोचते तोच दार बाहेरून उघडलं. तीन माणसं आत घुसली. एकाच्या हातात औषधांची पेटी, एकाकडे खुर्ची, तिसरी मुलगी मला दोन्ही खांद्यांना धरून "मॅम, कुठे पडलात?" असं विचारू लागली. ती मदतीला बोलावायची दोरी होती. माझ्या ओल्या परकराने ती खेचली होती. परकर पाहून मुलगी हसली, मीही हसले, पण पेटीवाल्याने एका वहीत काहीतरी लिहून घेतलंच.

दुपारी आपत्कालीन कवायत झाली. बोट बुडायला लागली तर कुणी कुठे जमायचं ते शिकवतात. निळ्या पट्टीवाल्यांना त्यांच्या त्यांच्या जागी उभं केलं. मला एका वेगळ्या दालनात नेलं. तिथे पाय प्लास्टरमध्ये घातलेला एक माणूस होता, नाकाला प्राणवायूची नळी लावलेल्या एक बाई होत्या आणि मी होते, जयनगर चौथ्या ब्लॉकमधून रोज सकाळी लालबागेपर्यंत चालत जाणारी. बाई गोड होत्या. मला म्हणाल्या, "तुम्हाला काय झालंय?" मी म्हटलं, "काही नाही." त्यांनी समजूतदारपणे माझा हात थोपटला. मला रडू आलं, ते रागाचं होतं.

मुलाला गाठलं आणि विचारलं. तेव्हा तो खरं बोलला. बुकिंगच्या फॉर्मवर 'चाकाच्या खुर्चीची मदत हवी' असा चौकोन होता, त्याने नेहमीप्रमाणे खूण केली होती.

आता इथे मला खरं सांगायलाच हवं. खूण करायची ही सवय त्याला लावली कुणी? आम्हीच. तो अमेरिकेत होता तेव्हा मी आणि माझा नवरा त्याच्याकडे जायचो. दोघंही ठणठणीत. तरी तिकीट काढताना मीच त्याला फोनवर सांगायचे, "टिक टाक रे." खुर्ची घेतली की रांगा नाहीत, फॉर्म भरायची कटकट नाही, कुठल्या दारातून जायचं ते शोधावं लागत नाही. खुर्ची ढकलणारा माणूस थेट पासपोर्टच्या शिक्क्यापाशी नेऊन उभा करतो. नवरा आणि मी शेजारी शेजारी खुर्च्यांत बसून शेकडो लोकांच्या पुढे जायचो आणि तो मला डोळा मारायचा. बंगळुरातल्या निम्म्या आई-बापांनी हेच केलंय. परतल्यावर आपल्या विमानतळावर तेच गुडघे धरून बसलेले लोक सामानाची ट्रॉली ढकलत पळत सुटतात. त्यामुळे मुलावर पूर्ण तोंडसुख घ्यायला माझी जीभ धजली नाही. पण विमानात ती खूण म्हणजे नुसती सोय. बोटीवर तिचा अर्थ 'या बाईला चालता येत नाही' असा होतो, हे आम्हा मायलेकांपैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

"जाऊ दे ना आई," तो म्हणाला. "पाच दिवसांचा तर प्रश्न आहे. खोली मोठी मिळाली, उलट."

पहिले दोन दिवस मी गप्प राहिले. सतराव्या मजल्यावर चालले, पंधराव्यावर खाल्लं. तिथे इडली होती, ती दगडासारखी. मी चटणीपुडी घेऊन गेले होते म्हणून निभावलं. पोहण्याच्या तळ्याशी लोक दिवसभर लोळत असत. समुद्र चारही बाजूंना आणि माणसं पाठ करून एका निळ्या हौदाकडे बघत बसलेली, याचं मला फार हसू यायचं. लिफ्टला गर्दी, म्हणून मी जिन्याने चढ-उतार करायचे. रोज निदान सहा मजले. केशरी पट्टी गळ्यात घालून जिना चढणारी बाई पाहून कर्मचारी धावत यायचे. मी हात करून त्यांना थांबवायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी बेट आलं. तिथे बंदराला एवढी मोठी बोट लागत नाही. ती समुद्रातच उभी राहते आणि लहान होड्यांतून लोकांना किनाऱ्यावर नेतात. मी सहा वाजताच आंघोळ करून, बूट घालून तयार होते. खालच्या मजल्यावर रांग लागली. माझा नंबर आला. पांढऱ्या गणवेशातल्या अधिकाऱ्याने माझं कार्ड यंत्राला लावलं. यंत्र लाल झालं.

"सॉरी मॅडम. तुम्हाला होडीत जाता येणार नाही."

"का?"

"तुम्हाला चालता येत नाही."

मी त्याच्यासमोर उभी होते. रांगेत अर्धा तास उभी होते. "मी इथे कशी आले असं तुम्हाला वाटतं?" मी विचारलं.

तो वाईट माणूस नव्हता. त्याने सांगितलं की होडी आणि बोट यांच्यामध्ये फट असते, लाटेने वर-खाली होते, स्वतःच्या पायाने ओलांडावी लागते. खुर्चीच्या यादीतल्या माणसांना नेत नाहीत. "आणि परवा तुमच्या खोलीतून मदतीचा गजरही झाला होता," त्याने यंत्रात बघून भर घातली.

"तो माझा परकर होता," मी म्हटलं. त्याला परकर म्हणजे काय ते कळेना. मागची माणसं कुजबुजू लागली. मुलाने माझं कोपर धरलं. "आई, चल. आपण वर जाऊ. मीपण जात नाही, तुझ्याबरोबर थांबतो."

त्या 'थांबतो'ने मात्र माझं डोकं फिरलं.

मी एकतीस वर्षं यशवंतपूरकडच्या एका सरकारी कारखान्यात तपासणी विभागात काढली. बायका तिथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. यंत्रांचे सुटे भाग माझ्या टेबलावर यायचे. माप बरोबर असेल तर पुढे जायचे, नसेल तर त्यांना लाल चिठ्ठी बांधायची. महिनाअखेर आली की फोरमन डोक्यावर येऊन बसायचा. "मॅडम, दिसतंयच की वाकडा आहे, फेका बाजूला, वेळ कशाला घालवता." मी म्हणायचे, दिसतं ते माप नव्हे. मोजल्याशिवाय मी पास करत नाही आणि मोजल्याशिवाय रिजेक्टही करत नाही. एकतीस वर्षांत लोखंडाच्या तुकड्याला जो न्याय मी दिला, तो मला इथे मिळत नव्हता. मला कुणी मोजलंच नव्हतं. नुसती चिठ्ठी बांधून टाकली होती.

"मला मोजा," मी अधिकाऱ्याला म्हटलं. "पायाने ओलांडता येतं की नाही, ते बघायची तुमची काहीतरी पद्धत असेलच."

पद्धत होती. बाजूला लाकडाची एक चौकट ठेवलेली होती. एक पायरी, मग पिवळी पट्टी मारलेली फट, पलीकडे दुसरी पायरी. ज्यांच्याबद्दल शंका असते त्यांना ती ओलांडायला लावतात. "पण तुमच्याबाबत शंका नाही मॅडम, लेखी दिलेलं आहे. ज्यांनी फॉर्म भरला त्यांनी तो सहीने मागे घेतला, तरच चाचणी."

त्याने कागद आणि पेन माझ्यापुढे नाही, मुलापुढे धरलं.

मुलाने पेन घेतलं आणि तो तसाच उभा राहिला. शेजारी सून पायाच्या अंगठ्याने जाजम उकरत होती. चाळिशीचा बाप्या, ऑफिसात पन्नास माणसं हाताखाली, आणि आईपुढे पेन धरून घामाघूम.

"कर सही," मी म्हटलं.

"तू पडलीस तर?"

"तर पडेन."

"आई, फेब्रुवारीत तू पडलीस तेव्हा मला तीन तासांनी कळलं. तीन तास. फुलवालीने उचललं तुला. मी मीटिंगमध्ये होतो. मला पुन्हा तसा फोन नकोय."

इतके महिने हे त्याने मनात ठेवलं होतं. स्टीलचे दांडे, घंटा, रबराची जाजमं, सगळं त्या तीन तासांपायी. मला त्याची दया आली. तरीही मी मागे हटले नाही. माझ्या पोराची भीती खरी होती म्हणून माझे पाय खोटे ठरत नव्हते.

"फूटपाथची फरशी हलत होती," मी म्हटलं. "मी हलत नव्हते. आणि तुला मी धडधाकट आहे असं लिहून दे म्हणत नाहीये. त्यांना मोजू दे. तू फक्त मध्ये उभा राहू नकोस."

सून म्हणाली, "अरे, रोज जिन्याने जातात त्या. मला धाप लागते त्यांच्या मागे."

त्याने सही केली. वाकडीतिकडी, पण केली.

मी चौकटीपाशी गेले आणि आधी खाली वाकले. माझी वीत साडेसात इंच भरते. कारखान्यात पट्टी हाताशी नसली की वीतच कामी यायची. पायरी दीड वीत, फट एक वीत आणि दोन बोटं. अधिकारी बघतच राहिला. जयनगरहून सुटणाऱ्या बसची पहिली पायरी याहून उंच असते आणि ती थांबलेलीही नसते. मी पदर खोचला, निऱ्या चार बोटं वर घेतल्या. कशालाही न धरता तीनदा ओलांडायचं होतं.

पहिल्यांदा सहज गेले. दुसऱ्यांदा डावा गुडघा कुरकुरला. तो जुनाच कुरकुऱ्या आहे. तिसऱ्यांदा पाय उचलताना रांगेतलं कुणीतरी टाळी वाजवायला लागलं आणि मला त्याचा भयंकर राग आला. तान्ह्या बाळाने पहिलं पाऊल टाकलं नव्हतं. मी टाळी थांबेपर्यंत तशीच उभी राहिले आणि मग ओलांडलं.

अधिकाऱ्याने माझी केशरी पट्टी काढून घेतली आणि निळी दिली. मी ती गळ्यात घातली नाही. मुठीत धरली.

होडी खरोखरच वर-खाली होत होती. दोन खलाशी दोन्ही बाजूंना उभे राहून येणाऱ्या प्रत्येकाचा हात धरत होते. माझ्या पुढच्या पैलवानी तरुणाचा धरला, माझा धरला, माझ्या मागून आलेल्या मुलाचाही धरला. त्या हाताला माझी काहीच हरकत नव्हती. तो सगळ्यांना मिळत होता.

बेटावर मी काही मोठं केलं नाही. किनाऱ्याने चालत गेले, बूट काढून पाण्यात उभी राहिले. एक बाई शहाळी विकत होती. तिने कोयता उचलला तशी मी जयनगरच्या सवयीने म्हणून बसले, "बरी नीरु." बरी म्हणजे फक्त, फक्त पाणी, मलई नको. आमचा कोपऱ्यावरचा शहाळेवाला रोज विचारतो ना, तसं. बाईला कन्नड कुठलं कळणार, पण माझ्या बोटाची खूण तिला कळली. पाणी आमच्याकडच्यापेक्षा गोड होतं, हे नाइलाजाने मान्य करते.

परतताना गुडघा सुजला. लपवला नाही. सगळ्यांदेखत बूट काढून पाय खुर्चीवर ठेवला. सुनेने बर्फ आणला. मुलगा सुजेकडे बघत बसला, पण 'बघ, मी म्हटलं होतं ना' हे वाक्य त्याने तोंडातून काढलं नाही. त्याला ते किती जड गेलं असेल ते मी जाणते.

परतीच्या विमानातली जागा ठरवताना त्याने फोन माझ्यापुढे धरला. तो चौकोन होताच. "टिक करू का?" त्याने विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

"नको. पण मी हळू चालणार. तुम्ही घाई करायची नाही."

चालले. सिंगापूरचा विमानतळ संपता संपत नाही. चार वेळा बसले, पाणी प्यायले, उठले. मुलगा दोन्ही पिशव्या घेऊन माझ्या चालीने चालत होता आणि त्याने माझं कोपर धरलं नाही. आपल्या विमानतळावर दारातच खुर्च्यांची रांग उभी होती. "अम्मा, व्हीलचेअर बेका?" एकाने विचारलं, हवी का म्हणून. "बेडप्पा," म्हणाले मी, नको रे बाबा. माझ्याच विमानातून उतरलेले एक काका, सिंगापूरला विमान पकडायला मी त्यांना धावताना पाहिलं होतं, कण्हत खुर्चीत बसले. मी त्यांच्याकडे पाहून हसले. त्यांनी मान फिरवली.

बाहेर टॅक्सी आली. पुढे मुलगा बसला, मागे आम्ही सासू-सुना. ड्रायव्हरने फोनवर पत्ता पाहिला. "सर, एचएसआर लेआउट अल्वा?" तिकडेच ना, म्हणून.

सून खिडकीतून बाहेर बघू लागली. मी पर्स उघडली, किल्ली चाचपली आणि पर्स उघडीच ठेवली.

"मोदलु जयनगर," मुलगा म्हणाला. आधी जयनगर. म्हणजे माझं सामान ठेवायचं, कपडे बदलून घ्यायचे, गॅस-नळ बघायचा आणि मग मला पुन्हा गाडीत घालून चौदाव्या मजल्यावर न्यायचं. त्याच्या परीने त्याने पुष्कळ सोडलं होतं. एखादीने तेवढ्यावर समाधान मानलं असतं.

"मोदलु अल्ल अण्णा," मी ड्रायव्हरला म्हटलं. "बरी जयनगर." आधी नाही, फक्त.

ड्रायव्हरने आरशातून माझ्याकडे पाहिलं, मग शेजारी मुलाकडे. मुलाने खिशातून फोन काढला आणि एचएसआरचा पत्ता पुसून टाकला.